बोर्डावर ‘रिसॉर्ट’, आत काय? गोव्यातल्या मुक्कामाचे प्रकार

कळंगुटहून बागाकडे रस्त्याने चालत निघालात तर थोड्याच अंतरात ‘रिसॉर्ट’ लिहिलेले कितीतरी बोर्ड दिसतील. एकाच्या आत खरोखर समुद्रापर्यंत पोचणारी बाग, दोन पोहण्याचे तलाव आणि तीन रेस्टॉरंटं असतात. दुसऱ्याच्या आत तीन मजली इमारत, बारा खोल्या आणि मधल्या मोकळ्या जागेत निळ्या फरशा बसवलेला हौद असतो. दोघांच्या पाटीवर शब्द तोच, कारण तो लिहायला कुणी अडवत नाही. ‘बुटिक’, ‘व्हिला’, ‘होमस्टे’ यांचंही तेच. रंगारी बोलावला, पैसे दिले, झालं.

त्यामुळे मुक्कामाची जागा कोणत्या प्रकारची आहे हे ओळखायला पाटीचा उपयोग फारसा होत नाही. बघायचं ते वेगळंच. जागेकडे कागद कोणता आहे, ती चालवतं कोण, आणि तुम्हाला नेमकं काय विकलं जातंय: खाट, खोली, अख्खं घर, की वर्षातला एक आठवडा? गोव्यात याच्या जोडीला आणखी एक प्रश्न येतो, जो पुण्या-नाशकात कुणाला सुचणार नाही. ती जागा पावसाळ्यात जागेवर असते का?

नोंदणी वेगळी, तारे वेगळे

आधी कागदाचं बघू. गोव्यात पैसे घेऊन पाहुणे ठेवायचे तर पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. त्यासाठी 1982 चा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा आहे. दोनशे खोल्यांचं हॉटेल असो की शिवोलीतल्या एखाद्या आजीने भाड्याने दिलेल्या मागच्या दोन खोल्या, सुटका कुणाचीच नाही. या नोंदणीत हॉटेलांना ए, बी, सी, डी अशा श्रेणी मिळतात. मोठी हॉटेलं वरच्या श्रेणीत, छोटी गेस्ट हाऊसं डी मध्ये. डी श्रेणी म्हणजे वाईट जागा असं मात्र नाही. गोव्यातली कितीतरी नीटनेटकी, घरच्यासारखी गेस्ट हाऊसं याच श्रेणीत आहेत. नोंदणी नाही म्हणजे ती जागा खात्याच्या लेखी अस्तित्वातच नाही, आणि काही बिनसलं तर तक्रार घेऊन जायचं कुठे हा प्रश्न उरतो.

तारे ही पूर्णपणे वेगळी गोष्ट. ते केंद्रीय पर्यटन मंत्रालय देतं आणि तेही हॉटेलने अर्ज केला तरच. अर्ज करणं ऐच्छिक आहे. एका तारेपासून पाच तारांपर्यंत, आणि त्याच्याही वर पाच तारा डिलक्स. यासाठी हॉटेलात किमान 10 खोल्या लागतात. मग समिती येऊन पाहणी करते. तिच्यात सरकारी अधिकाऱ्यांबरोबर हॉटेलचालकांच्या आणि प्रवासी कंपन्यांच्या संघटनांचे प्रतिनिधी असतात. समिती काय बघते? खोली किती मोठी, न्हाणीघर केवढं, अपंगांसाठी सोय आहे का, आग लागली तर बाहेर पडायची वाट कुठे, कॉफी शॉप चोवीस तास चालतं का. मिळालेलं प्रमाणपत्र पाच वर्षांपुरतं असतं, पुढे पुन्हा पाहणी. म्हणजे तारे मोजतात ते सोयी. माणसं कशी वागतात, चादर कालचीच आहे का, मासे ताजे आहेत का, हे तारांत येत नाही.

बुकिंगच्या संकेतस्थळांवर हॉटेलच्या नावाशेजारी दिसणारे तारे पुष्कळदा मंत्रालयाचे नसतातच. ते त्या साइटने किंवा हॉटेलने स्वतःच लावलेले असतात. शेजारी दिसणारे 8.4 किंवा 4.2 हे पाहुण्यांनी दिलेले गुण. माझा कल गुणांकडे, त्यातही गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या अभिप्रायांकडे. उत्तम हॉटेलातसुद्धा मॅनेजर बदलला की सहा महिन्यांत सगळं बदलतं.

पाच तारांना गोव्यात आणखी एक किंमत आहे. इथल्या जुगारविषयक कायद्यात 1992 साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार जमिनीवर जुगाराची यंत्रं ठेवायची तर पाचतारांकित हॉटेलातच. बाकीचे कॅसिनो मांडवीत नांगरलेल्या जहाजांवर. एखादं हॉटेल पाचवी तारा मिळवण्यासाठी एवढी धडपड का करतं याचं उत्तर काही वेळा इथे सापडतं.

हे सगळे प्रकार आले कुठून

पोर्तुगीज राजवटीत पणजीत मांडवीच्या काठावर हॉटेल मांडवी उभं राहिलं ते 1952 साली, सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी. गोव्यातल्या या नामवंत आधुनिक हॉटेलचा जन्म झाला तो यात्रेसाठी. समुद्रात डुंबायला येणारे तेव्हा कुणाच्या हिशेबात नव्हते. मुक्तीनंतर, साठच्या दशकाच्या शेवटाकडे, हणजूण आणि वागातोरला हिप्पी यायला लागले. त्यांना हॉटेल परवडत नव्हतं आणि नकोही होतं. मासेमारांच्या, रेंदेरांच्या (माडी काढणाऱ्यांच्या) घरातली एखादी खोली, विहिरीचं पाणी, बाहेर संडास. गोव्यातलं गेस्ट हाऊस यातूनच वाढलं. आजही बार्देशातली कितीतरी गेस्ट हाऊसं म्हणजे मूळ घराला जोडून, मुलगा दुबईला गेल्यावर वर चढवलेला एक मजला आहे.

दुसऱ्या टोकाला, 1974 साली ताजने सिकेरीला आग्वाद किल्ल्याच्या तटाला लागून समुद्राकाठी रिसॉर्ट उघडलं. नोव्हेंबर 1983 मध्ये राष्ट्रकुल देशांचे प्रमुख दिल्लीची परिषद आटोपून विश्रांतीसाठी तिथे उतरले आणि गोव्याचं नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत गेलं. ऐंशीच्या दशकात युरोपातून चार्टर विमानं यायला लागली. विमान, खोली, नाश्ता, विमानतळापर्यंतची बस असा एकगठ्ठा सौदा, दोन आठवड्यांचा. कोलवा, बाणावली, वार्का, केळशी या सासष्टीच्या किनाऱ्यावरची मोठी रिसॉर्टं या गिऱ्हाइकावर पोसली. सरकारनेही 1982 साली पर्यटन विकास महामंडळ काढलं. त्याची ‘रेसिडेन्सी’ नावाची हॉटेलं पणजी, मिरामार, कळंगुट, कोलवा, म्हापसा, फर्मागुडी अशा मोक्याच्या जागी आहेत. इमारती जुन्या, पण जागा अशा की आज कुणाला विकत घ्यायच्या म्हटल्या तरी मिळणार नाहीत.

खोली घेता म्हणजे काय घेता

शहरातलं हॉटेल, लॉज आणि रिसॉर्ट यांतला फरक तसा सरळ आहे. पणजी, मडगाव, म्हाप्शातलं हॉटेल धंद्याच्या माणसासाठी, कोर्टकचेरीच्या कामाला आलेल्यांसाठी, लग्नाच्या वऱ्हाडासाठी. तिथे खोली ही झोपायची जागा, पाहुणा दिवसभर बाहेर. लॉज म्हणजे त्याचीच साधी आवृत्ती, बसस्टँडजवळ. रिसॉर्टचं गणित उलटं आहे. पाहुण्याने बाहेर जाऊच नये, खाणंपिणं, मसाज, मुलांचे खेळ, सगळ्यावर आतच खर्च करावा अशी तिथली आखणी असते. म्हणून रिसॉर्टातल्या खोलीचा दर बघून निर्णय घेतला की बिल बघून डोळे पांढरे होतात. एका ताज्या नारळपाण्याचे तिथले पैसे आणि गेटाबाहेरच्या गाड्यावरचे पैसे यांची तुलना न केलेली बरी.

खरा घोळ होतो तो दोन अक्षरांच्या भानगडीत. पणजीतल्या मध्यम हॉटेलच्या काउंटरवर असा फोन रोजचाच:

“मॅडम, कोल्हापूरहून बोलतोय. रूमचा रेट काय?”

“किती जण आहात, सर?”

“आम्ही दोघं, आई आणि दोन पोरं.”

“मुलांची वयं?”

“एक चार, एक अकरा.”

“डबल रूम अडीच हजार, सीपी. तुम्हाला दोन रूम घ्याव्या लागतील, नाहीतर एक मोठी फॅमिली रूम बघते. अकरा वर्षांच्या मुलाची गादी वेगळी पडेल.”

“सीपी म्हणजे काय ओ?”

“सकाळचा नाश्ता धरून.”

“आणि जेवण?”

“ते एमएपीत. ईपी घेतलंत तर नाश्तापण नाही, दर थोडा कमी.”

ईपी म्हणजे नुसती खोली. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. एमएपीत नाश्ता आणि दोनपैकी एक जेवण, बहुतेक वेळा रात्रीचं. एपीत तिन्ही वेळचं. गोव्यात दिवसभर फिरणाऱ्याने सीपीवर थांबावं, असं माझं मत. दुपारी पणजीच्या एखाद्या खानावळीत शीत (भात), हुमण (माशांची आमटी), सोलकढी आणि तळलेली माशाची तुकडी मिळत असताना हॉटेलच्या बुफेतलं पनीर बटर मसाला खायला यायचं कशाला? काणकोणच्या आतल्या भागात किंवा मोल्याकडे मुक्काम असेल तर मात्र एपी घ्या. तिथे रात्री आठनंतर बाहेर काही उघडं सापडेलच असं नाही.

लहान मुलांचा नियम हॉटेलागणिक बदलतो. साधारण पाच वर्षांखालचं मूल फुकट, पाच ते बारा या वयात गादीचे पैसे, बाराच्या पुढे मोठ्या माणसाइतकं. दुपारी दोनला चेक-इन आणि सकाळी अकराला चेक-आउट ही आता जवळपास सगळीकडची रीत आहे. रात्रभर बसने येऊन सकाळी सातला पोचणाऱ्यांचे यात हाल होतात. आगाऊ फोन करून ‘अर्ली चेक-इन’ मागितलं आणि आदल्या रात्री खोली रिकामी राहिली असली तर बरेचजण देतात. सगळ्या मोठ्या माणसांची ओळखपत्रं लागतात, एकट्या कुटुंबप्रमुखाचं चालत नाही. पॅन कार्ड पुढे करू नका, त्यावर पत्ता नसतो.

अग्रशाळा: कुठल्याच अॅपवर नसलेला मुक्काम

हॉटेल व्यवस्थापनाच्या पुस्तकात नसलेला एक प्रकार फोंडा तालुक्यात आहे, आणि मराठी घरांना तो बहुधा पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तिसवाडी, बार्देश, सासष्टीतली देवळं पाडायला सुरुवात केली तेव्हा लोकांनी आपले देव नदीपलीकडे हलवले. मंगेश कुठ्ठाळीहून 1560 साली आजच्या मंगेशीला आला. शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला आली. म्हार्दोळची म्हाळसा, रामनाथीचा रामनाथ यांचीही कथा तशीच. देव हलले आणि त्यांना कुलदैवत मानणारे कुळावीही पांगले. कोकणात, कारवारात, मंगळुरात, मुंबईत. वर्षातून एकदा कुलदेवतेला यायचं तर राहायचं कुठे? म्हणून देवळाच्या प्राकाराला लागून लांबच लांब कौलारू इमारती बांधल्या गेल्या. त्याच अग्रशाळा.

आजच्या अग्रशाळेत खोली साधी असते. लोखंडी किंवा लाकडी खाट, गादी, पंखा, बादली-तांब्या. काही देवस्थानांनी नव्या इमारती बांधल्यात, तिथे एसी आणि गरम पाणीही आहे. बुकिंग देवस्थानच्या कार्यालयात, फोनवर किंवा पत्राने. अभिषेक, लघुरुद्र, मुंज अशा कार्यासाठी येणाऱ्यांना आणि महाजन-कुळाव्यांना पहिला मान. दर अगदी माफक, कारण इथे नफ्याचा हिशेब नाही. नियम मात्र कडक. मांस-मासे नाहीत, दारू नाही, रात्री ठरलेल्या वेळेला दार बंद. जत्रेच्या दिवसांत आणि नवरात्रात जागा मिळणं जवळपास अशक्य. आगाऊ सांगून ठेवलं तर दुपारी प्रसादाचं जेवण मिळतं. पंक्तीत बसून पानावर वाढलेल्या त्या वरण-भाताची आणि खतखत्याची सर पंचतारांकित बुफेला नाही, हे मी भक्तीपोटी म्हणत नाहीये.

ज्यांना दर्शन हवं पण संध्याकाळी थंड बिअरही हवी त्यांनी अग्रशाळेत उतरून तिथल्या माणसांना अडचणीत टाकू नये. फर्मागुडीला महामंडळाची रेसिडेन्सी जवळच आहे.

होमस्टे आणि व्हिला: मालक कुठे राहतो?

होमस्टे या शब्दाचा अलीकडे फार दुरुपयोग झालाय. केंद्र सरकारच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेत त्याची व्याख्या स्पष्ट आहे. घरात पाहुण्यांसाठी एक ते सहा खोल्या आणि मालक कुटुंबासह त्याच घरात राहणारा. सोयींवरून सुवर्ण किंवा रौप्य अशी श्रेणी. व्याख्येचा प्राण आहे तो मालक तिथेच राहण्यात. सकाळी पाव कुणी आणला, विहिरीचा पंप कधी सुरू करायचा, शेजारच्या वाड्यावर आज लग्न आहे, हे तुम्हाला सांगणारं माणूस घरात असतं. सांगे, केपे, सत्तरीच्या बाजूला असे खरे होमस्टे मिळतात. तिथे समुद्र नाही, पण कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे, ओहोळ आहे आणि रात्री झोप लागते.

आसगाव, शिवोली, पर्रा या पट्ट्यात जे ‘होमस्टे’ किंवा ‘व्हिला’ दिसतात त्यांचा मालक पुष्कळदा दिल्ली-मुंबईत बसलेला असतो. घर गुंतवणूक म्हणून घेतलेलं. चालवणारी कंपनी वेगळी, बुकिंग अॅपवर, आणि जागेवर असतो तो झारखंड किंवा ओडिशातून आलेला एक केअरटेकर. त्याच्या हातात किल्ली असते, अधिकार नसतो. एसी बंद पडला तर तो कंपनीला व्हॉट्सअॅप करतो आणि तुमच्यासोबत वाट बघतो. तरीही दहा-बारा जणांच्या कुटुंबाला व्हिला सोयीचा पडतो यात वाद नाही. अख्खं घर मिळतं, हॉल मिळतो, तलावात मुलं आपलीच. घेताना पर्यटन खात्याचा नोंदणी क्रमांक विचारा. अनामत किती आणि परत कधी, हे लेखी घ्या. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर लागला तर पैसे कुणाचे, जनरेटर आहे का, हेही. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला देशभर बंदी आहे. व्हिला गावात असतो आणि शेजाऱ्यांना सकाळी कामाला जायचं असतं. पोलिस येतात ते त्यांच्याच फोनवरून.

सर्व्हिस अपार्टमेंट हा याचाच फ्लॅटमधला भाऊ. स्वयंपाकघर, फ्रिज, कपडे धुण्याचं मशिन. आठवडा-दोन आठवडे राहणाऱ्याला, घरी पथ्याचं खाणाऱ्या वडीलधाऱ्यांना बरोबर आणणाऱ्याला उत्तम. गॅसची शेगडी आणि कुकर गाडीत घालून येणाऱ्या मंडळींनी तर हाच पर्याय घ्यावा, कारण 2019 पासून गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणं हा दंडनीय गुन्हा आहे.

पावसाळ्यात नसणारी खोली

काणकोणात पाळोळे, आगोंद, पाटणे इथे गेलात की किनाऱ्याला लागून माडांखाली झोपड्यांच्या रांगा दिसतात. ‘बीच हट’, ‘कोको हट’ अशी त्यांची नावं. हा प्रकार हौसेतून आलेला नाही, कायद्याने घडवलेला आहे. किनारी नियमन क्षेत्राची अधिसूचना 1991 साली आली. तिने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंतचा पट्टा बांधकामाला बंद केला. सिमेंट नाही, पाया नाही. मग पाहुणा समुद्रासमोर झोपणार कसा? तर अशा खोलीत, जी उचलून नेता येते. 2011 च्या अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळ्या तरतुदी आहेत, त्यात पावसाळ्याखेरीजच्या काळापुरत्या अशा तात्पुरत्या रचनांना वाट ठेवली आहे. परवानगी किनारी विभाग व्यवस्थापन प्राधिकरणाकडून घ्यावी लागते.

एखादी झोपडी जवळून बघा. खांब वाळूत रोवलेले, त्यावर गुडघाभर उंचीची लाकडी पाटण. भिंती प्लायवूडच्या किंवा बांबूच्या, वर विणलेल्या चुडतांचं छप्पर. आतल्या बाजूला कागद किंवा कापड, नाहीतर रात्री छपरातून काहीबाही बिछान्यावर पडतं. पुढे दोन खुर्च्यांपुरता सज्जा, मागे न्हाणी, तिला कित्येकदा छप्परच नसतं. मे संपत आला की माणसं येऊन स्क्रू काढायला लागतात. भिंतीची फळी, दाराची चौकट, सज्जाचा कठडा, प्रत्येकावर आकडा टाकलेला, म्हणजे पावसानंतर जोडताना कोडं पडू नये. सगळं मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली रचलं जातं. जूनमध्ये त्याच जागी नुसती वाळू. मेच्या अखेरीचं बुकिंग कुणी देत असेल तर झोपडी तेव्हा उभी असणार का, हे विचारून घ्या.

झोपडी घेताना भिंतीची जाडी हा कळीचा मुद्दा. शेजारच्याचं घोरणं ऐकू येतंच, भांडणही येतं. मौल्यवान वस्तू ठेवायला तिजोरी आहे का, कडीला स्वतःचं कुलूप लावता येतं का, मच्छरदाणी फाटकी नाही ना, हे पैसे देण्याआधी बघावं. मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग हे किनारे समुद्री कासवांच्या विणीचे म्हणून संरक्षित आहेत. ऑलिव्ह रिडले कासवीण अंडी घालायला रात्री वाळूत चढते, तेव्हा तिथे झगझगीत दिवे आणि मोठा आवाज चालत नाही. अशा ठिकाणी पार्टीच्या अपेक्षेने जाणाऱ्याचा विरस होतो. शांतता हवी असणाऱ्याने आवर्जून तिथेच जावं.

हेरिटेज, हॉस्टेल आणि आठवड्याची खरेदी

‘हेरिटेज’ या शब्दामागे सरकारी व्याख्या आहे. इमारत 1950 पूर्वीची हवी आणि खोल्या किमान पाच. पणजीत फोंताइन्यासमधल्या जुन्या घरांत अशी छोटी हॉटेलं आहेत. उंच छत, लाकडी जमीन, रस्त्याकडे उघडणाऱ्या खिडक्या. पाट्या मात्र व्याख्या न वाचता लागतात, आणि पंधरा वर्षांपूर्वी बांधलेल्या इमारतीला शिंपल्यांच्या काचांची खिडकी बसवून ‘हेरिटेज’ झालेलीही मी पाहिली आहेत. खऱ्या जुन्या घरात राहायचं तर जिने चढायची आणि जुन्या नळांची तयारी ठेवा. ‘बुटिक’ला अशी पक्की व्याख्या नाही. खोल्या थोड्या, प्रत्येक खोली वेगळी सजवलेली, दर चढा, इतकंच साधारण समजायचं.

हॉस्टेलात खोली विकत नाहीत, खाट विकतात. सहा-आठ जणांची खोली, दोन मजली खाटा, प्रत्येकाला पडदा, दिवा आणि लॉकर. एकट्याने फिरणाऱ्या पोरांना ते बरं पडतं, मुलींसाठी वेगळी खोलीही बहुतेक ठिकाणी असते. कुलूप स्वतःचं न्यावं.

टाइमशेअरपासून जरा जपून. यात खोली विकत नाही घेत, पुढच्या पंचवीसेक वर्षांत दरवर्षी एक आठवडा राहायचा हक्क घेता. त्यावर दरसालची देखभाल फी येते, वापरा नाहीतर न वापरा. हंगामानुसार आठवड्यांना रंग ठरवून दिलेले असतात आणि स्वस्त रंगात नाताळ मिळत नाही. दरवर्षी एकाच वेळी सुट्टी मिळणाऱ्या, आगाऊ आखणी करणाऱ्या कुटुंबाला हा सौदा परवडू शकतो. पण किनाऱ्यावर स्कूटर थांबवून कुणी हातात स्क्रॅच कार्ड दिलं, तुम्हालाच नेमकं बक्षीस लागलं आणि ते घ्यायला ‘फक्त नव्वद मिनिटं’ एका प्रेझेंटेशनला बसायचं असलं, तर सरळ पुढे चला.

नाव एकाचं, इमारत दुसऱ्याची

मोठ्या हॉटेलवर ज्या कंपनीचं नाव असतं ती त्या इमारतीची मालक असेलच असं नाही, किंबहुना पुष्कळदा नसतेच. मालक जमीन आणि इमारत देतो. हॉटेल कंपनी आपलं नाव, आपली बुकिंग यंत्रणा आणि आपला जनरल मॅनेजर देते, आणि उत्पन्नाचा ठरलेला वाटा, शिवाय नफ्यातला वाटा घेते. दोनापावलाजवळचं सिदाद द गोवा हे याचं ठळक उदाहरण. वास्तुरचना चार्ल्स कोरिया यांची, मालकी गोव्यातल्या फोमेंतो समूहाची, आणि आज पाटीवर नाव ताजचं. फ्रँचायझीत कंपनी फक्त नाव आणि नियमांची वही देते, चालवतो मालकच. स्वस्त साखळ्यांच्या पाट्या लागलेली बरीचशी छोटी हॉटेलं या दुसऱ्या पद्धतीची. म्हणून एकाच नावाची म्हापशातली खोली चकाचक आणि कळंगुटातली कोंदट असं होतं. नाव तेच असलं तरी माणसं वेगळी आहेत.

दर रोज का बदलतो हेही यातूनच कळतं. रात्री न विकली गेलेली खोली म्हाप्शाच्या बाजारात संध्याकाळी उरलेल्या बांगड्यासारखी. उद्या तिचे कालचे पैसे मिळत नाहीत. दहा खोल्यांपैकी सहा तीन हजारांनी गेल्या तर आले 18,000, सरासरी दर खोलीमागे 1,800. दहाच्या दहा दोन हजारांनी गेल्या तर सरासरी 2,000. मॅनेजर बघतो ती ही सरासरी, पाटीवरचा दर नाही. ऑनलाइन साइटला कमिशनही द्यावं लागतं, म्हणून ऑफ सीझनला थेट हॉटेलला फोन करून “तुमच्याकडे बुक केलं तर काय द्याल?” असं विचारण्यात काही कमीपणा नाही. दर कमी नाही झाला तर नाश्ता तरी मिळतो.

एक कराचा खड्डा लक्षात ठेवा. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी आहे आणि त्याच्या वर गेलात की 18 टक्के, तोही पूर्ण रकमेवर. 7,400 ची खोली कर धरून 7,770 ला पडते. 7,600 ची पडते 8,968 ला. खोलीत दोनशेचा फरक, खिशात जवळजवळ बाराशेचा.

नाताळ ते नववर्ष हा आठवडा सगळ्या हिशेबांच्या बाहेरचा. दर दुप्पट-तिप्पट होतात, किमान तीन-चार रात्री घ्याव्या लागतात, रद्द केलं तर पैसे बुडतात. आणि बऱ्याच रिसॉर्टांत 24 आणि 31 डिसेंबरच्या ‘गाला डिनर’चे माणशी पैसे सक्तीचे असतात, तुम्ही जेवा किंवा रात्रभर किनाऱ्यावर फिरा. अॅपवर दिसणाऱ्या दरात ते कधीकधी धरलेले नसतात. आगाऊ रक्कम भरायच्या आधी हॉटेलला ई-मेल करून हे लेखी विचारून घ्या, कारण चेक-इनच्या वेळी काउंटरवरच्या मुलीला ते माफ करायचा अधिकार नसतो.